पावडर एकजीव का होत नाही?

थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. गोळीचं वजन १०० मिलीग्रॅम धरलं, तर औषध जेमतेम चार हजारावा हिस्सा. बाकी सगळी भर. अशा लाखो गोळ्या पाडायच्या आणि प्रत्येकीत औषध जवळपास सारखंच उतरायला हवं. औषधनिर्माणशास्त्राचे आणि प्रक्रिया अभियांत्रिकीचे संशोधक एकाच टेबलाशी बसतात ते या प्रश्नापायी.

पाण्यात साखर विरघळली की तिचे रेणू आपसूक सगळीकडे पसरतात. पावडरीचा कण कुणी हलवल्याशिवाय जागचा हलत नाही. बरणीत वाळू आणि खडे घालून हलवत राहा: खडे वर येतात, वाळू तळाला जाते. म्हणजे हलवून मिश्रण होतं तसं मोडतंही! यावर हर्सी या संशोधकाने १९७५ साली एक सुरेख विचार मांडला: औषधाचे अगदी बारीक कण भरड कणांना चिकटून बसले, तर ते सहजी वेगळे होत नाहीत.

'मग भरपूर वेळ ढवळा' असं वाटेल. पण गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, बहुधा एक टक्क्याच्या आसपास. ते पाणी झटकणारं. जास्त ढवळलं की त्याचा थर कणाकणावर चढतो. गोळी ठिसूळ होते, पोटात उशिरा विरघळते.

पूर्वापार पद्धतीत मोठ्या पिंपात घाणा मिसळून थोडा नमुना तपासतात. त्याऐवजी पावडर सतत वाहती ठेवायची आणि निकट-अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) प्रकाशाने वाटेतच तपासायची, यावर अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने २००६ पासून काम झालं. त्याचा हातभार लागून २०१६ मध्ये एचआयव्हीवरच्या दारुनाविरच्या गोळ्या जुन्या पद्धतीवरून या पद्धतीवर आणायला अमेरिकेत मान्यता मिळाली. माझ्या मते विद्यापीठातलं संशोधन कारखान्याच्या उपयोगी पडल्याचं हे फार चांगलं उदाहरण आहे.

या वाहत्या पद्धतीतली एक अडचण मला विशेष मोलाची वाटते. पावडर सोडणारं नरसाळं काट्यावर असतं. वजन किती घटलं त्यावरून यंत्र वेग ठरवतं. नरसाळं पुन्हा भरताना वजन वाढतं आणि तेवढे क्षण यंत्राला काहीच कळत नाही. वरच्या भाराने तळची पावडर दाबली जाते, जास्त पडते. म्हणून नरसाळं पार रिकामं होऊ न देता थोडं थोडं, पण वारंवार भरतात.