'डर' आला तेव्हाचं वातावरण

'डर' हा पिक्चर 24 डिसेंबर 1993 ला लागला, पण त्याच्या आधीचं थोडं बघायला हवं. यश चोप्रांचा 'लम्हे' 1991 मध्ये तिकीटबारीवर आपटला होता, 'परंपरा' पण चालला नव्हता, म्हणजे बर्फ, शिफॉन साड्या आणि शायरीवाला माणूस आता एका माथेफिरूची गोष्ट घेऊन आला होता. त्या माथेफिरू राहुलच्या रोलसाठी आधी आमिर खान होता, त्याचं म्हणणं होतं की सनी देओल आणि मला एकत्र बसवून स्टोरी ऐकवा, ते काही जमलं नाही आणि रोल गेला शाहरुखकडे. त्याचा 'बाजीगर' नोव्हेंबरातच येऊन गेलेला, त्यामुळे हिरोने खून केलेले पब्लिकला महिन्याभरापूर्वीच पचले होते.

सनीचा राग तर सगळ्यांना माहीतच आहे. पिक्चरमध्ये तो नेव्हीचा कमांडो आणि हा काडीपैलवान पोरगा त्याला समोरून चाकू मारतो, हे त्याला पटेना, सेटवर वाद झाला, रागाने खिशात घातलेल्या मुठींनी पॅन्टच फाटली असं त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. किस्सा मस्त आहे, पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. राहुल मेलेल्या आईशी फोनवर बोलतो, छातीवर चाकूने किरणचं नाव कोरतो, आणि कॅमेरा तेव्हा त्याच्याच बाजूने असतो! किरण झालेली जुही बिचारी पिक्चरभर घाबरून दचकतेय, आणि गाणं मात्र राहुलच्या वाट्याला, तेही असं की तू हो म्हण की नाही म्हण, तू माझीच. संगीतकार शिव-हरींची चाल इतकी गोड की लोक ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बिनधास्त फर्माइश करून ऐकायचे.

आणि हे कुठल्या काळात? 1990 मध्ये उल्हासनगरला एकाने दहावीची परीक्षा चालू असताना वर्गात घुसून मुलीला जाळलं होतं, मराठी पेपरांत 'एकतर्फी प्रेमातून' असं छापून यायचं आणि आईबाप पोरींना क्लासला एकटं पाठवायला घाबरायचे. तरी थिएटरात शिट्ट्या राहुललाच, गॅदरिंगला 'क क क किरण'ची नक्कल ठरलेली. वर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो निखळ मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून, आता निखळ म्हणजे काय ते ज्युरीलाच ठाऊक. कॅमेरामन मनमोहन सिंग यांना छायाचित्रणाचा फिल्मफेअर मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, तो हक्काचाच होता.

तेव्हा पाठलाग करणं हा कायद्यात वेगळा गुन्हाच नव्हता, छेडछाड-विनयभंगाच्या कलमात बसवायचं काहीतरी. भारतीय दंड संहितेत पाठलागासाठीचं कलम 354 ड आलं 2013 मध्ये, दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, म्हणजे पिक्चर येऊन जवळजवळ 20 वर्षं झाल्यावर. 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम 78 झालंय; पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तेव्हा गुन्हा जामीनपात्रच.