पोटाला चिमटा आणि कागदावरचा हिशेब

महागाई भडकली किंवा घरातली मिळकत आटली की सल्ले सुरू होतात. यादी करून बाजारात जा, एकदम घ्या म्हणजे स्वस्त पडतं, घरीच शिजवा, उरलंसुरलं वाया घालवू नका. यातला एकही सल्ला खोटा नाही. पण ‘एवढ्या पैशांत एवढ्या माणसांचं भागायलाच हवं’ हे मुळात ठरवलं कोणी? तो आकडा काढताना काय धरलं आणि काय सोडलं? महिनाअखेरीला डब्यांचा तळ दिसू लागला की घर चालवणारं माणूस आधी स्वतःलाच दोष देतं. त्या माणसाला हा इतिहास माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यात बार्कम नावाचं खेडं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथले पाद्री डेव्हिड डेव्हिस यांनी शेतमजुरांच्या घरांचे जमाखर्च टिपायला सुरुवात केली आणि १७९५ मध्ये ते छापले. मिळकतीतला मोठा वाटा पीठ आणि पावातच संपत होता. तरीही खाऊनपिऊन सुखी लोकांची तक्रार होती की मजूर चहासारखी चैन करतात. डेव्हिस यांनी त्या चहाचंच वर्णन लिहून ठेवलं: झऱ्याचं पाणी, त्याला जेमतेम रंग येईल इतकी स्वस्तातली स्वस्त पत्ती आणि सगळ्यात काळपट साखर. चराऊ रानं कुंपणात गेल्यामुळे गाय पाळणं सुटलं होतं, दूध परवडत नव्हतं, कराच्या बोज्यामुळे घरची बिअरही परवडेनाशी झाली होती. कोरडा पाव घशाखाली उतरवायला तेवढं गरम पाणी उरलं होतं. चहामुळे गरिबी आलेली नाही, गरिबीमुळे चहा आला आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दोनच वर्षांनी, १७९७ मध्ये, सर फ्रेडरिक मॉर्टन ईडन यांचा गरिबांच्या स्थितीवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. घरोघरचे हिशेब त्यातही आहेत, पण निष्कर्ष उलटा. उत्तरेकडचे मजूर ओट आणि बार्लीच्या पेजेवर, सारावर छान भागवतात, दक्षिणेकडच्यांना काटकसर जमत नाही, असा त्याचा रोख. पण पेज तासन्‌तास शिजवायला सरपण लागतं. उत्तरेत कोळसा स्वस्त होता, दक्षिणेत सरपणाचीच टंचाई होती, म्हणून तिथले लोक भट्टीतला तयार पाव आणत. हे दोन ग्रंथ जवळजवळ एकाच वेळचे आहेत, आणि आजही टंचाईच्या दिवसांत वाद घातला जातो तो याच दोन बाजूंनी: पैसा कमी पडतो, की अक्कल?

एकोणिसाव्या शतकात या हिशेबांना संख्याशास्त्र भेटलं. जर्मनीतल्या सॅक्सनीचे संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्च तीन गटांत मांडले. मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या खर्चातला सुमारे ७१ टक्के भाग अन्नावर जात होता, जेमतेम भागवणाऱ्यांचा ६७ आणि बऱ्या स्थितीतल्यांचा ६२. कुटुंब जितकं गरीब, तितका अन्नावरच्या खर्चाचा वाटा मोठा, हा एंगेलचा नियम तिथून आला. अडचणीच्या काळात वाणसामानाचाच खर्च कापावा लागतो त्याचं कारणही यातच आहे. भाडं ठरलेलं, हप्ता ठरलेला. हात आखडता घ्यायला पोटाखेरीज जागा नसते.

यानंतर समाजसंशोधक सीबोम राउन्ट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या ११,५६० कामगार कुटुंबांची पाहणी केली. ‘निव्वळ शरीर चालू राहायला’ किमान किती पैसे लागतात, हे त्यांना ठरवायचं होतं. उष्मांकाचं शास्त्र तेव्हा नवं होतं, त्याच्या आधारे त्यांनी आहार आखला. त्यात ताजं मांस अजिबात नव्हतं, आणि अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमातल्या जेवणापेक्षाही तो रोडका होता. नवराबायको आणि तीन मुलं यांना आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स, त्यातले १२ शिलिंग ९ पेन्स अन्नाला. या रकमेत जगायचं तर काय सोडावं लागेल, तेही त्यांनी लिहिलं: गाडीभाडं नाही, वर्तमानपत्र नाही, मुलांना खेळणं नाही, परगावच्या लेकराला पत्र नाही, कारण टपालाला पैसे नाहीत. इतकी खाली ओढलेली रेषा, तरी शहरातले जवळपास १० टक्के लोक तिच्याखाली निघाले. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांच्या घरी कमावता माणूस नियमित कामावर जात होता. मजुरीच अपुरी होती.

हा आकडा प्रत्यक्षात उतरवण्याचं काम बाईचं होतं, आणि ती ते कसं करते हे बघायला १९०९ पासून काही स्त्रिया लंडनच्या लॅम्बेथ भागात घरोघरी जाऊ लागल्या. फेबियन या समाजवादी संस्थेच्या महिला गटाच्या या पाहणीवर मॉड पेम्बर रीव्हज यांनी १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं. आठवड्याला साधारण एक पौंड, म्हणजे २० शिलिंग, मिळवणारी ही कुटुंबं. बायका हिशेब ठेवत, ज्यांना लिहिता येत नसे त्या नवऱ्याकडून किंवा मोठ्या मुलाकडून लिहून घेत. मुलांना लापशी द्या, स्वस्त आणि पौष्टिक, असं त्यांना बाहेरून सांगितलं जाई. पण घरात भांडं एकच, जुनं, बुडाला लागणारं. गॅस नाणं टाकून मिळणारा. लापशी सावकाश शिजवायची तर नाणी संपतात, घाईत शिजवली तर करपते, आणि वर घालायला ना दूध ना साखर. पोरं ती तोंडात घेत नसत. कोळसा साठवायला जागा नाही म्हणून थोडाथोडा घ्यायचा, म्हणजे महाग पडायचा. ‘एकदम घ्या, स्वस्त पडतं’ हे खरंच, पण एकदम घ्यायला हातात एकदम पैसे हवेत आणि ठेवायला घर हवं.

युद्धकाळातल्या शिधावाटपाचा इथे ओझरता उल्लेख पुरे. ब्रिटनमध्ये ते जानेवारी १९४० ते जुलै १९५४ चाललं, आणि टंचाई वाटून घेतली तर गरीब घरातल्या मुलांच्या ताटात आधीपेक्षा बरं पडू शकतं, हे त्या वर्षांत दिसलं.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, कृषी खात्याच्या हेझेल स्टीबलिंग यांनी चार पातळ्यांचे आहार आखले. सगळ्यात खालचा फक्त आणीबाणीपुरता होता. १९४५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी विचारलं की ७७ पदार्थांतून नऊ पोषकांची गरज भागवायला वर्षाला कमीत कमी किती लागेल? १९३९ च्या भावाने उत्तर आलं ३९ डॉलर ९३ सेंट. पदार्थ पाचच: गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. दोन वर्षांनी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांच्या नव्या गणिती पद्धतीने हेच कोडं सोडवायला नऊ कारकुनांना १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर २४ सेंटांनी कमी आलं. इतकं अचूक गणित, आणि असा आहार कोणी कोणाला सुचवणार नाही, हे खुद्द स्टिगलर यांनीच लिहून ठेवलं. पुढे डँटझिग यांनी यंत्राकडून स्वतःसाठी आहार काढून घेतला, तर त्यात शेकडो गॅलन व्हिनेगर आलं. शेवटी त्यांचा आहार त्यांच्या पत्नीने ठरवला.

स्वस्तातला आहार पुढे थेट अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेचा पाया झाला. ही रेषा आखणाऱ्या सरकारी अर्थशास्त्रज्ञ मॉली ओरशान्स्की स्वतः स्थलांतरितांच्या गरीब घरात वाढल्या होत्या. १९६० च्या दशकात त्यांनी कृषी खात्याची सर्वांत स्वस्त आहार योजना घेतली. १९५५ च्या पाहणीत सरासरी कुटुंब मिळकतीचा साधारण एक तृतीयांश अन्नावर खर्च करत होतं, म्हणून त्यांनी योजनेच्या खर्चाला तिनाने गुणलं. पण ती योजना मुळात पैसे कमी असताना तात्पुरती वापरायची होती, आणि सगळं अन्न घरीच, कुशल हातांनी शिजेल, असं तिच्यात धरलेलं होतं. तात्पुरत्याची रेषा कायमची झाली. १९७५ मध्ये तिची जागा काटकसरीच्या नव्या योजनेने घेतली आणि गरिबांना मिळणाऱ्या सरकारी अन्नमदतीची रक्कम तिच्यावर ठरू लागली. पुढच्या प्रत्येक फेरआखणीत महागाई वजा जाता खर्च वाढू द्यायचा नाही, अशी अट होती. २०२१ मध्ये पहिल्यांदा ती अट सुटली आणि रक्कम २१ टक्क्यांनी वाढली. भाजणं, चिरणं, भिजत घालणं, रांगेत उभं राहणं, भांडी घासणं यांत जाणाऱ्या वेळाची किंमत मात्र त्या वाढीव आकड्यातही धरलेली नाही.