बडोद्याच्या प्रयोगशाळांतले डायक्रोमेट : पार्श्वभूमी

प्रॅक्टिकलच्या यादीतून डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचे नारिंगी लवण, काढून टाकावे का, हा वाद बडोद्याच्या रसायनशास्त्राच्या वर्तुळात अधूनमधून डोके वर काढतो. वाद घालणारे बहुतेक वेळा काचसामान धुण्यासाठी सिंकशेजारी ठेवलेल्या, डायक्रोमेटपासूनच केलेल्या क्रोमिक अ‍ॅसिडच्या बाटलीकडे बोट दाखवतात. या शहराचा डायक्रोमेटशी संबंध त्या बाटलीपुरता कधीच नव्हता.

1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली आणि तिथे रंगाई शिकवली जाऊ लागली. त्या काळच्या रंगाईचे पान डायक्रोमेटवाचून हलत नसे. लोकरीवर रंग पक्का करायला ते लागे, अ‍ॅनिलिनचा काळा रंग कापडावरच तयार करायलाही लागे. लोखंड मोजायला ते युरोपात 1850 च्या सुमारास वापरात आले. परमँगनेट त्याआधीच, 1846 मध्ये आले होते. पण त्याचे द्रावण ठेवले की बिघडते, आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असेल तर क्लोराइडवरही खर्च होऊन रीडिंग चुकवते. डायक्रोमेट 4.903 ग्रॅम तोलून लिटरभर केले की एन/10 (एक दशांश नॉर्मल) द्रावण तयार, शिवाय महिनोन्महिने टिकणारे. अडचण एवढीच की टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून थेंबथेंब सोडून मोजणे, कुठे संपले ते दिसत नसे. पांढऱ्या टाइलवर फेरिसायनाइडचे ठिपके मांडायचे आणि फ्लास्कमधला थेंब काचकांडीने एकेका ठिपक्याला टेकवत जायचे. निळे उमटेनासे झाले की थांबायचे. 1924 मध्ये शेवट रंगाने दाखवणाऱ्या डायफिनिलअमाइनचा वापर सुरू झाला आणि ही कटकट मिटली.

बडोद्यात डायक्रोमेटची खरी चलती झाली ती कारखाने आल्यावर. कोयलीची रिफायनरी 1965 ची, बाजव्याचा खत कारखाना त्यामागोमागचा, मग नंदेसरीची औद्योगिक वसाहत. 1974 मध्ये पाण्याचे प्रदूषण रोखणारा पाणी कायदा झाला. 1983 पासून कारखान्यांचे सांडपाणी मही नदीच्या मुखाकडे नेणारा सुमारे 55 किलोमीटरचा कालवा वाहू लागला. सांडपाण्याचा सीओडी काढणे, म्हणजे त्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजणे, हे बीएस्सी झालेल्यांचे पोटापाण्याचे काम झाले. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली पोरेही त्यात आली.

सीओडीच्या आधी परमँगनेटची चार तासांची कसोटी असे. ती सौम्य, पुष्कळ सेंद्रिय पदार्थ तिला दादच देत नाहीत. डायक्रोमेट, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि सिल्व्हर सल्फेट घालून दोन तास उकळण्याची रीत 1950 च्या सुमाराची. क्लोराइडने आकडा फुगतो, म्हणून 1963 पासून त्यात मर्क्युरिक सल्फेटही पडू लागले. गोम आहे ती इथे. 20 मिलिलिटर नमुन्याला 0.4 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे सुमारे 270 मिलिग्रॅम पारा. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. एका फ्लास्कमधला पारा पाणी घालून त्या मर्यादेत बसवायचा म्हटला तर 27,000 लिटर पाणी लागेल. आणि हे सारे कशासाठी, तर नमुन्याचा सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत आहे की नाही हे पाहायला! फेरोइन या दर्शकाचा निळसर हिरवा जाऊन विटकरी रंग आला की रीडिंग टिपायचे आणि फ्लास्क सिंकमध्ये ओतायचा, हे बराच काळ कुणाला खटकले नाही.

खटकले ते क्रोमिक अ‍ॅसिड. 1990 पर्यंत हेक्साव्हॅलंट, म्हणजे डायक्रोमेटमध्ये असते तसे सहा संयुजेचे, क्रोमियम आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेलेले होते. पुढे गोरव्यातल्या क्रोमियमची रसायने करणाऱ्या एका कारखान्याच्या कचऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या देखरेख समितीपर्यंत पोचले, आणि क्रोमियमचे नाव काढले की लोक बिचकू लागले. क्रोमिक गेले हे बरेच झाले. ते काचेला क्रोमियम चिकटवून ठेवते, खळखळून धुतले तरी थोडे राहतेच, आणि एन्झाइमचे प्रयोग त्याने बिघडतात. डिटर्जंटमध्ये रात्रभर भिजवलेली ब्युरेट बहुधा तेवढीच स्वच्छ निघते. आतून पाणी थेंब न धरता सलग उतरले की झाले.

पण त्याच फटक्यात लोखंडाचे टायट्रेशनही काढायचे, हा हिशेब पटत नाही. फेरसशी, म्हणजे द्रावणातल्या लोखंडाशी, क्रिया झाली की क्रोमियम तीन संयुजेवर येते, हिरवे पडते; फ्लास्कमध्ये हेक्साव्हॅलंट जवळजवळ उरतच नाही. उरते ते ब्युरेटमध्ये. ते वर्गभराचे एका बरणीत गोळा करावे, आम्लात बायसल्फाइट घालून हिरवे करावे आणि चुन्याने गाळ बसवावा. लॅब असिस्टंटचे अर्ध्या दुपारचे काम. सीओडी मात्र निमूट चालू आहे, कारण त्याची सक्ती कायद्याने केलेली आहे, अभ्यासक्रमाने नव्हे. बंद नळ्यांच्या पद्धतीत नमुना 2.5 मिलिलिटरवर आला, त्या मानाने पाराही घटला. पण नळीत डायक्रोमेट, चांदी आणि पारा हे त्रिकूट तेच, आणि वापरलेली नळी धोकादायक कचऱ्यातच जाते. जिथे टायट्रेशन वगळले आहे तिथल्या विद्यार्थ्याच्या हाती डायक्रोमेट पहिल्यांदा पडते ते थेट कारखान्याच्या लॅबमध्ये, नोकरी लागल्यावर.