जुनी गाडी पाणी ‘पीत’ नाही

“गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की थोडं पाणी पितेच, वरून भरत राहा.” हा सल्ला सर्रास मिळतो आणि त्यापायी चांगली इंजिनं वाया जातात. कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग बहुतेक गाड्यांत 1 बारच्या आसपास दाब आत धरते. दर महिन्याला पातळी उतरत असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतंय किंवा इंजिनात जळतंय.

खाली थेंब दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बारीक गळती गरम इंजिनावरच सुकते, मागे फक्त पांढरट किंवा रंगीत डाग उरतो. वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र आणि होजच्या क्लिपा टॉर्च लावून बघा. पायाखालचं कार्पेट ओलं आणि गाडीत गोडसर वास असेल, तर संशय हीटर कोअरवर (गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर). झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ते आधी बदला, स्वस्त आहे.

तरी सापडलं नाही, तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करून घ्या: हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा आणि काटा उतरतो का पाहायचं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला म्हणून लगेच हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू देऊ नका. छोट्या फेऱ्यांत साचलेल्या ओलाव्यानेही तो येतो, पावसाळ्यात तर हमखास. हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय असेल तर आधी ब्लॉक टेस्ट मागा. कूलंटमध्ये धुराचा वायू मिसळत असेल तर या टेस्टच्या नळीतला निळा द्रव रंग बदलतो.

आणि बोअरचं पाणी अजिबात ओतू नका. क्षार रेडिएटरमध्ये बसतात, गंजरोधक पातळ होतं.