बाकीचे 95 वॉट करतात काय?

घरातला साधा एलईडी दिवा 9 वॉटचा असतो. त्याहून कमी, म्हणजे 5 वॉट शक्तीच्या रेडिओ सेटवरून पुण्यात बसून हैदराबादच्या माणसाशी बोलायचं, आणि आकाशाची मर्जी असली तर युरोपातल्याशीही, हा छंद जगभर हजारो लोकांना आहे. मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, उपग्रह नाही, इंटरनेट नाही. हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारे, याला क्यूआरपी म्हणतात. मर्यादा ठरलेली आहे: मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक भाषा असेल तर 5 वॉट, तोंडाने बोलायचं असेल तर 10.

ऐकणारा लगेच विचारतो, इतक्यात पोचतं कसं? मला उलटा प्रश्न जास्त मजेचा वाटतो. बाजारातला तयार सेट साधारण 100 वॉटचा असतो. मग वरचे 95 वॉट करतात तरी काय? रिसीव्हरवर सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर असतो. त्यावर एक घर चढायला शक्ती चौपट करावी लागते. 100 वॉटला काटा 9 वर असेल तर 25 वॉटला तो 8 वर येतो, सव्वासहा वॉटला 7 वर आणि 5 वॉटला सातच्या किंचित खाली. वीसपट शक्ती खर्चून पदरात पडतात ती जेमतेम सव्वादोन घरं. अँटेना कशी आहे, वेळ कोणती, समोरच्याकडे गोंगाट किती, यांतल्या एकाही गोष्टीने त्याहून मोठा फरक सहज पडतो.

पोचण्याचं श्रेय आयनांबराचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचं. जमिनीपासून साधारण 200 ते 400 किलोमीटरवर सूर्याचे अतिनील किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि तिथल्या एफ थरातून लघुलहरी वळून पुन्हा खाली येतात. 1912 साली अमेरिकी सरकारने हौशी लोकांना 200 मीटर आणि त्याखालच्या लहरींवर हुसकावलं, ते हा भाग कुचकामी समजूनच. नोव्हेंबर 1923 मध्ये त्यांनी 110 मीटरच्या आसपास फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात दुतर्फा संभाषण करून दाखवलं. मग कंपन्या आणि सरकारंही लघुलहरींच्या मागे लागली.

आपल्याकडे श्रीगणेशा बहुधा 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 40 मीटरच्या बँडवर होतो. अँटेना म्हणजे तारच. 143 ला मेगाहर्ट्झने भागायचं, 7.1 ला उत्तर येतं सुमारे 20 मीटर. ती तार मधोमध तोडायची, एका तुकड्याला कोॲक्स केबलचा गाभा आणि दुसऱ्याला जाळी जोडायची, टोकांना नायलॉनची दोरी बांधून ताणायची. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची वायर चालते. 8-10 मीटर उंचीवरची अशी तार बराचसा जोर सरळ वर फेकते. दिवसा तो वरून आसपासच्या काहीशे किलोमीटरवर उतरतो: पुण्याहून कोल्हापूरही लागतं, हैदराबादही. भर दुपारी खालचा डी थर ऊर्जा शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लांबची स्टेशनं ऐकू यायला लागतात. पण एफ थरही विरळ झाला तर सरळ वर गेलेला जोर परत येत नाही, आणि कोल्हापूर मात्र गायब.

5 वॉटवाल्याचं घोडं अडतं ते गोंगाटापाशी. एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर सतत खरखर ओकत असतात. शहरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कोणीही बोलत नसताना काटा 7 वर बसलेला असू शकतो. तिथे आपला सातच्या खालचा सिग्नल बुडालाच. सेट पाठपिशवीत घालून गडावर गेलं की आपल्याला छान ऐकू येतं, पण समोरच्याची खरखर त्याच्याच घरात राहते.

त्यावरचा उपाय मोर्सकडे आहे. बोलण्याला सुमारे 2500 हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सच्या एका सुराला 100 हर्ट्झचा फिल्टर पुरतो. गोंगाट सगळीकडे सारखा पसरलेला धरला, तर आत शिरणारा वाटा पंचविसाव्या हिश्शावर येतो. म्हणजे 5 वॉटचा मोर्स साधारण 100 वॉटच्या बोलण्याच्या तोडीला उतरतो! हाच तर्क टोकाला नेला जो टेलर यांनी, जोड-पल्सारच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतल्या पल्सारच्या) शोधासाठी 1993 चं नोबेल मिळालेले तेच. त्यांच्या 2008 च्या विस्पर पद्धतीत रुंदी फक्त 6 हर्ट्झ आणि एका संदेशाला जवळपास दोन मिनिटं. त्यात 200 मिलिवॉट महासागर ओलांडतात. पण संदेशात असतं काय, तर कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव), ठिकाण आणि शक्ती. गप्पांचं नाव नको. आकाश मोजायला लाजवाब, पण करमणूक म्हणून मला कोरडंच वाटतं.

त्यापेक्षा स्वतः जोडलेल्या सेटवर बोलण्यात रस आहे, आणि त्यासाठी जगभर ओळखलं जाणारं एक डिझाइन हैदराबादचं आहे: अशर फरहान यांचा बिटएक्स. परदेशी सर्किटांत कॉइलसाठी हमखास टोरॉइड कडी, म्हणजे चुंबकीय पदार्थाची गोल कडी मागतात, जी आपल्या पेठेत मिळणं मुश्कील. फरहान यांनी नळाचे नायलॉनचे वॉशर घेऊन त्यांवर तार गुंडाळली. फिल्टरसाठी 10 मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल. बरेचसे ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात, त्यामुळे तोच फिल्टर ऐकतानाही कामी येतो आणि बोलतानाही. शेवटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ510, मुळात वीज चालू-बंद करण्यासाठी बनलेला. तो 6 वॉटच्या आसपास देतो. जोडताना जपायचं ते त्यालाच. त्याच्या पाठीच्या पत्र्यावर थेट पुरवठ्याचा व्होल्टेज असतो, म्हणून हीटसिंक आणि तो यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा हवा. बायसचा प्रीसेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा सुरुवातीचा करंट ठरवणारा छोटा स्क्रू, आधी पूर्ण खाली, मग मीटरवर डोळा ठेवून करंट हळूहळू 100 मिलिअँपिअरच्या आसपास आणायचा. घाई केली की ट्रान्झिस्टर गेला.

5 वॉट असले तरी परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हाच. परवाना देते केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा. वय 12 पूर्ण हवं आणि परीक्षा द्यावी लागते. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. परवाना हातात येईपर्यंत कान तयार करायचे असतील तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवरून फुकट फिरवता येतो. 7.030 आणि 14.060 मेगाहर्ट्झच्या आसपास क्यूआरपीवाल्यांचा मोर्स सापडतो.