चिखलातला शिंपला चोचीला कसा कळतो?

शरद ऋतूत खाडीच्या मुखाशी पक्षी बघायला जायचं, तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. पाणी ओसरलेलं असताना पक्षी चिखलभर पांगतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तेच पाणी त्यांना किनाऱ्याकडे रेटत आणतं.

आर्क्टिकमधली वीण आटोपून दक्षिणेकडे निघालेल्या या पाणथळ पक्ष्यांसाठी खाडी म्हणजे वाटेवरची खाणावळ. वरून ओसाड वाटणाऱ्या चिखलात वळवळणारे कृमी, इवल्या गोगलगायी, शिंपले खच्चून भरलेले असतात. पण ते दिसत नाहीत, मग शोधायचे कसे?

नॉट नावाचा साळुंकीएवढा पक्षी घ्या. त्याच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदनांगं दाटीवाटीने असतात. चोच ओल्या वाळूत भराभर खुपसली की कणांमधलं पाणी ढकललं जातं. वाटेत टणक शिंपला असला तर पाणी अडतं, दाब बदलतो आणि चोच न टेकताही पक्ष्याला सुगावा लागतो. डच शास्त्रज्ञ थ्यूनिस पीर्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांचे पाळीव नॉट ओल्या वाळूत पुरलेले दगडसुद्धा ओळखत. कोरड्या वाळूत मात्र ही युक्ती चालेना. सापडलेला शिंपला नॉट कवचासकट गिळतो आणि पोटातल्या पेषणीत भरडतो. खाणं मऊ मिळू लागलं की हीच पेषणी आक्रसते!

लांब चोचीचे कोरल (कर्ल्यू) पक्षी खोलवरचं खातात, आखूड चोचीचे इतर पक्षी वरवरचं, हे पुस्तकी चित्र खरं आहे, पण जरा जास्तच नीटनेटकं.

मला अधिक नवल वाटतं ते पिल्लांचं. बऱ्याच जातींत प्रौढ आधीच निघून गेलेले असतात, पिल्लं मागाहून येतात. प्रौढांची पिसं झिजलेली, तर पिल्लांच्या पाठीवरच्या कोऱ्या पिसांना फिकट रेखीव कडा. त्यावरून ती ओळखता येतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं असंच एक पिल्लू अलास्काच्या चिखलावर चरबी साठवून १३ ऑक्टोबर २०२२ रोजी निघालं आणि ११ दिवसांत, कुठेही न उतरता, सुमारे १३,५६० किलोमीटरवरच्या टास्मानियात पोचलं. पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र होतं म्हणून हे कळलं. त्याचं वय होतं जेमतेम पाच महिने.