बटणाच्या आतला उजेड

मी मराठी टाइप करतो ते इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्ड-मांडणीत. त्यात अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह इंग्रजी ‘डी’च्या बटणावर असतं. मराठीत जोडाक्षरांवाचून पान हलत नाही, त्यामुळे हे बटण दिवसभर मार खातं. चार पावसाळे काढल्यावर माझ्या कीबोर्डवर ते एकदा दाबलं तरी दोनदा उमटायला लागलं. ‘विज्ञान’ लिहायला जावं, तर ज आणि ञ जुळायचेच नाहीत. पाय मोडका ज आणि त्याच्या शेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ. शेवटी बटण उघडून पाहिलं. आत धातूच्या दोन बारीक पात्या होत्या आणि एकीच्या टोकाला काळपट डाग.

खरं तर दोनदा उमटणं हा धातूचा जन्मजात स्वभाव आहे. दोन पात्या एकमेकींवर आपटल्या की लगेच चिकटून बसत नाहीत, फरशीवर टाकलेल्या गोटीसारख्या उसळतात. नव्याकोऱ्या बटणातही ही उसळी एक ते पाच मिलिसेकंद टिकते. आपल्याला ते कळत नाही, पण कीबोर्डमधल्या चिपला तेवढ्यात चार-पाच वेळा बटण दाबल्यासारखं दिसतं. म्हणून तिला शिकवून ठेवलेलं असतं: पहिला स्पर्श झाला की थोडं थांब, गडबड शांत होऊ दे. पाती गंजली, स्प्रिंग ढिली झाली की गडबड त्या ठरलेल्या वेळापेक्षा लांबते, आणि अक्षर दोनदा उमटतं.

मग पात्याच नकोत, असा विचार पुढे येतो. बटणाच्या एका बाजूला छोटा एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर आणि मध्ये बटणाच्या दांडीला जोडलेला पडदा. फोटोट्रान्झिस्टरवर उजेड पडला की त्यातून वीज वाहते, अंधार झाला की थांबते. बटण दाबलं की पडदा सरकतो. कशाला काही टेकत नाही, त्यामुळे उसळण्याचा आणि गंजलेल्या टोकांचा प्रश्नच उरत नाही.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो अवरक्त असतो, बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच. रिमोटचं तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा, बहुतेक फोनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल.

असं एक बटण मी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर, जुळवून पाहिलं. पडदा म्हणून काळ्या प्लॅस्टिकची पट्टी कापून घेतली. पट्टी मध्ये सरकवली, पण मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. जोडणी दोनदा तपासली, एलईडी बदलला, तरी तेच. बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला. पट्टी कापली होती ती जुन्या रिमोटच्या तोंडावरच्या काळ्या काचेसारख्या तुकड्यातून. तो तुकडा आपल्याला काळा दिसतो, पण अवरक्त किरणांना तो खिडकीसारखा असतो. त्याचं कामच ते आहे! रंगद्रव्याने काळं केलेलं प्लॅस्टिक अवरक्त उजेड आरपार सोडू शकतं. काजळीसारखी कार्बनची पूड मिसळलेलं प्लॅस्टिक तो अडवतं. मला या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त शिकवलं ते या पट्टीने.

एक बटण चाललं म्हणजे कीबोर्ड झाला असं नाही. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात. प्रत्येक एलईडीला २० मिलिअँपिअर धरले तर सगळे मिळून २ अँपिअरच्या वर जातात, आणि यूएसबी २.० च्या पोर्टमधून मिळतात जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर. म्हणून एका वेळी एकच ओळ पेटवायची. ओळी सहा, आणि सगळ्यात लांब ओळीत २१ बटणं, म्हणजे ४२० मिलिअँपिअर. कसंबसं बसतं. संगणक दर मिलिसेकंदाला विचारणा करतो असं धरलं, तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे १६६ मायक्रोसेकंद येतात. तेवढा वेळही एलईडी पेटता ठेवायची गरज नसते. फोटोट्रान्झिस्टर जागा व्हायला दहाएक मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा ४० मायक्रोसेकंदांची एक चमक पुरते. सरासरी खर्च मग ८५ मिलिअँपिअरच्या आत येतो. शेजारच्या बटणाचा उजेड घुसू नये म्हणून मध्ये भिंती मात्र हव्यातच.

आता बाहेरचा उजेड. दुपारी खिडकीतून टेबलावर ऊन येतं, आणि उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. ९४० नॅनोमीटरचा एलईडी निवडला तर निसर्गाची थोडी मदत होते: हवेतली वाफ नेमक्या त्याच भागातला सूर्यप्रकाश बराचसा शोषून घेते. उरलेल्यासाठी साधी युक्ती आहे. एलईडी बंद असताना एकदा मोजायचं, पेटवून पुन्हा मोजायचं आणि वजाबाकी करायची. जुना पिवळा बल्ब आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो, पण दोन मोजण्यांमधल्या एवढ्याशा वेळात त्याच्यात फरक पडतच नाही म्हणा ना. ऊन थेट आत शिरून फोटोट्रान्झिस्टर आधीच काठोकाठ भरला असेल, तर वजाबाकीही कामाची नाही. तिथे झाकणच चांगलं हवं.

बटण कुठवर आलं की ‘दाबलं’ म्हणायचं आणि कुठवर गेलं की ‘सोडलं’, या रेषाही वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकच रेषा ठेवली आणि बोट नेमकं तिच्यावर थरथरलं, तर काढून टाकलेली उसळी मागच्या दाराने परत येते.

अशा कीबोर्डच्या जाहिरातींत भर असतो तो वेगावर. टाइप करणाऱ्याला दोन-चार मिलिसेकंदांचा फरक जाणवतो असं मला वाटत नाही. मला उजेडाची खरी श्रीमंती दिसते ती दुसरीकडे. पाती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते, उजेड मात्र ‘किती’ हेही सांगतो. पडदा हळूहळू सरकतो तसा आकडा हळूहळू बदलतो, आणि बटणाच्या साधारण ४ मिलिमीटरच्या प्रवासात बोट कुठवर आलं ते कळतं. यामाहाच्या डिस्कक्लाव्हिअर पियानोत सूर किती जोरात वाजवला हे टिपायला पट्ट्यांखाली असेच प्रकाशाचे सेन्सर असतात. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने २०१६ मध्ये अशा खोली मोजणाऱ्या कीबोर्डसाठी लोकांकडून पैसे उभे केले, तोही उजेडावरच चालणारा होता. पुढे ती उजेडाऐवजी चुंबकाने खोली मोजण्याकडे वळली. एलईडी वय आणि उष्णतेनुसार मंद होत जातो, तेव्हा प्रत्येक बटणाला आपला अंधार किती आणि आपला उजेड किती हे अधूनमधून नव्याने शिकवत राहावं लागतं.

एक निर्णय मात्र अगदी सुरुवातीलाच घ्यावा लागतो: बटण दाबल्यावर उजेड अडवायचा की मोकळा करायचा? दोन्ही चालतं. फरक दिसतो तो बिघाड झाल्यावर. ‘अडला म्हणजे दाबलं’ असं ठरवलं आणि एखादा एलईडी मेला किंवा वाटेत फरसाणाचा कण अडकला, तर ते बटण कायमचं दाबल्यासारखं होतं. उलट ठेवलं तर ते नुसतं गप्प बसतं. मी उलटंच ठेवेन. माझ्या ‘डी’चा एलईडी उद्या गेला, तर जोडाक्षरं अडतील, पण पानभर पाय मोडत सुटणार नाही.